टाकी आणि एक दिवसाची वाट

एका जंगलात एक टाकी होती. गोष्टीची सुरुवात वाघापासून करायची पद्धत आहे, हे मला ठाऊक आहे, मुलांनो. वाघ येईल, त्याची काळजी नको. पण या जंगलात कुणालाही पत्ता विचारला की तो टाकीपासूनच सांगत असे. टाकीमागे तिसरं बीळ. टाकीवरून डावीकडे वळलं की घोरपडीचं दार. म्हणून मीही टाकीपासूनच सुरू करतो.

तुमच्यातल्या काहींच्या मिशा पिकल्या आहेत. तरी मी तुम्हाला मुलांनोच म्हणणार. ज्यांना राग येईल त्यांनी मागच्या रांगेत बसून रागवावं.

तर टाकी. टाकीत रॉकेल होतं. प्राण्यांना रॉकेल कशाला, असं तुम्ही विचाराल. त्यांना कंदिलांची सवय लागली होती. पहिला कंदील महाराजांच्या गुहेत आला. महाराज म्हणजे वाघ, आला बघा. मग तो प्रधानांकडे आला, मग प्रधानांच्या मेहुण्यांकडे. शेवटी घुबडानेही एक कंदील घेतला. घुबडाला कंदिलाचा काय उपयोग, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. पण शेजाऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, हे त्याला बघवत नव्हतं.

एवढ्या कंदिलांना रॉकेल हवं, आणि एवढं रॉकेल ठेवायला टाकी हवी. त्या वेळी गादीवर थोरले महाराज होते, म्हणजे आताच्या महाराजांचे आजोबा. ते शहाणे होते. त्यांनी टाकी बांधण्याआधी एक नियम केला आणि वडाखालच्या दगडावर कोरून घेतला. नियम असा: रॉकेलची टाकी वस्तीपासून एक दिवसाच्या वाटेवर असावी.

वाट मोजायला सांबराला नेमलं. सांबर सूर्य उगवताना वडापासून निघालं आणि मावळेपर्यंत चालत राहिलं. जिथे थांबलं तिथे उघडी मुरमाड जमीन होती. ना झाड, ना झुडूप. तिथे फक्त टिटव्या राहायच्या, कारण टिटवीला घरटं बांधायची सवय नाही. ती चार खडे बाजूला सारते आणि उघड्या जमिनीवर अंडी घालते. तिथे टाकी बांधली. टिटव्यांना कुणी विचारलं नाही, पण टिटव्यांनीही फार मनावर घेतलं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. गोष्ट इथे संपवता आली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

पण रॉकेल आणायला दिवसभर चालत जायचं आणि दिवसभर चालत यायचं, याचा प्राण्यांना कंटाळा येऊ लागला. टाकीवर रांग लागायची. रांगेत उभं राहिल्यावर तहान लागायची. हे धोंडू सशाने हेरलं आणि टाकीच्या वाटेवर चहाची टपरी टाकली. धोंडू मनाने चांगला होता, फक्त त्याला रोज घरी जायचा कंटाळा होता. त्याने अर्ज केला की टाकीच्या अलीकडे एक लहानसं बीळ खणू द्यावं, पाठ टेकण्यापुरतं.

अर्ज समितीपुढे गेला. समितीचे अध्यक्ष होते कासवअण्णा. अण्णांना जंगलात फार मान होता, कारण त्यांनी जन्मात एकही निर्णय घाईने घेतला नव्हता. अण्णा म्हणाले, नियम म्हणजे नियम. टाकी आणि बीळ यांच्यात एक दिवसाची वाट असेल तरच परवानगी मिळेल.

सांबराचा पाय नेमका त्या आठवड्यात मुरगळला होता. म्हणून मोजायला साळिंदर गेलं. साळिंदर टाकीपासून निघालं, पण वाटेत त्याला कंद लागले. ते उकरत, खात, गळून पडलेले काटे गोळा करत ते सूर्य मावळताना धोंडूच्या जागेवर पोचलं. एक दिवसाची वाट. परवानगी मिळाली.

धोंडूला मिळाली म्हटल्यावर मुंगसाला हवी झाली, घोरपडीला हवी झाली. पुढच्या मोजणीला साळिंदर फारच भरभर चालतं अशी तक्रार आली, तेव्हा कासवअण्णांनी स्वतः वाट मोजायचं मनावर घेतलं. अण्णांनी मोजलेली वाट साळिंदराच्या वाटेच्या दहाव्या हिश्शाइतकी होती. पण दिवस मात्र पुरा लागला होता, सूर्य साक्षीला होता. मग बिळं आणखी पुढे सरकली.

नियम कुणी मोडला नाही, मुलांनो. हे मी पुन्हा सांगणार आहे, कारण पुढे तुम्ही ते विसराल.

असं होता होता वस्तीच टाकीपाशी येऊन बसली. वडाखाली आता फक्त महाराज आणि तो कोरलेला दगड उरला. धोंडूने टपरी मोठी केली आणि जुनं बीळ सोडून, जुन्याच परवानगीवर, टाकीच्या कुंपणापासून वीस उड्यांवर नवं बीळ खणलं. शेजारी सशांची बालवाडी निघाली, कारण सगळे ससे तिथेच राहत होते आणि एवढ्याशा पिल्लांना लांब पाठवणार कसं? सकाळी बालवाडीतून गाणी ऐकू येत आणि टाकीवरून वास येई. दोन्हींची सगळ्यांना सवय झाली.

टिटव्या मात्र एक एक करून निघून गेल्या. त्यांची सगळी मोकळी जमीन बिळांखाली गेली. एकच टिटवी राहिली. तिचं नाव सगुणा. तिचा नवराही नदीकाठी निघून गेला होता, त्याला तो वास सोसत नव्हता. सगुणा राहिली, कारण तिची चार अंडी जमिनीवर होती आणि अंडी उचलून नेता येत नाहीत. आणि ती होती कुठे, तर टाकीच्या कुंपणाच्या आत, अगदी तोटीपाशी. तिथे बीळ खणायला बंदी होती. बंदी होती म्हणूनच तेवढी जागा मोकळी उरली होती.

तोटीतून रॉकेल गळत होतं. फार नाही, थेंब थेंब. पण दिवसभर आणि दिवसानुदिवस गळत होतं. सगुणाच्या अंड्यांपासून हातभर अंतरावर त्याचं डबकं साचलं होतं.

टाकीचा कारभार भिवाजी गवा बघत असे. मोठं धूड, स्वभावाने शांत. बारा वर्षं टाकीवर राहिल्यामुळे त्याच्या नाकाला आता कशाचाच वास येत नव्हता. सगुणा त्याच्याकडे गेली आणि तोटी गळते म्हणाली. भिवाजीने वाकून पाहिलं. तो म्हणाला की ही गळती नाही, हा पाझर आहे. गळती असती तर वर कळवावं लागलं असतं. पाझराला कळवायची गरज नसते.

मग ती सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेली. सुरक्षा अधिकारी होतं खवले मांजर. त्याला सगळे खवलेसाहेब म्हणत. साहेबांना या पदावर नेमण्याचं कारण असं, की संकट आलं की अंगाचा गोळा करून घट्ट बसायचं हे त्यांच्याइतकं कुणालाच जमत नसे. त्यांनी सगळ्या वस्तीलाही ते शिकवलं होतं. दर महिन्याला शिट्टी वाजे आणि बालवाडीतली सशांची पिल्लं गोळा होऊन बसत. सशाचा गोळा नीट होत नाही, कान बाहेर राहतात. साहेब म्हणत, सरावाने जमेल.

साहेबांनी सगुणाचं म्हणणं ऐकून घेतलं आणि तिथे एक फलक लावायचं कबूल केलं. तोटी बदलायचं त्यांच्या हातात नव्हतं.

आता सगुणाच्या आवाजाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. टिटवी ओरडली की वाईट घडतं, असं त्या जंगलात मानत. आणि शुभकार्यात जर टिटवी ओरडली तर एक रीतच होती. ऐकणाऱ्यांनी हातातलं काम टाकायचं, तडक टेकाडापलीकडच्या ओढ्यावर जायचं आणि तीन बुड्या मारून मगच परतायचं. महाराजांनासुद्धा यातून सूट नव्हती. ओढ्याचं पाणी थंड होतं. म्हणून जो तो सगुणाला सांगे, "सगुणाबाई, जरा हळू बोला." ती बिचारी सगळं हळूच बोलायची. तुम्हीच सांगा, तोटी गळते हे किती हळू सांगता येतं?

एके दिवशी शेजारच्या जंगलातून एक कावळा आला. त्याचे पंख होरपळलेले होते. तिकडची टाकी उडाली, असं त्याने सांगितलं. वस्ती तिकडेही टाकीला लागूनच होती. पुढचं त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

त्या दिवशी जंगलात पहिल्यांदा सगळ्यांना रॉकेलचा वास आला. महाराजांनी वडाखाली सभा बोलावली.

सभेत दोन तट पडले. एक तट म्हणाला, टाकी ताबडतोब हलवा. दुसरा म्हणाला, टाकी आधीपासून तिथेच आहे, तुम्ही तिच्या अंगावर राहायला गेलात, तेव्हा तुम्हीच हला. पहिला म्हणाला, आम्ही परवानगी घेऊन आलो. दुसरा म्हणाला, टाकीनेही घेतली आहे. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण छान रंगलं.

टाकी माळावर न्यावी असं ठरू लागलं, तेव्हा माळावरची काळविटं उठली. त्यांना कंदील हवे होते, रॉकेल वेळेवर हवं होतं, पण टाकी मात्र नको होती. माळाचं सौंदर्य बिघडेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. धोंडू सशाची तर फारच ओढाताण झाली. बायकोच्या बाजूने बघितलं तर टाकी जायला हवी होती, टपरीच्या बाजूने बघितलं तर राहायला हवी होती. त्याने दोन्ही वेळा हात वर केला.

तेव्हा सगुणा उठली. ती इतकं हळू बोलली की पुढच्या रांगेतल्यांनीही कान पुढे केले.

"टाकी हलवायची का वस्ती, ते तुम्ही सावकाश ठरवा," ती म्हणाली. "मी मधे पडत नाही. माझी पिल्लं आठ दिवसांत बाहेर येतील. मला एवढंच सांगा, तोटी कधी बदलणार?"

कासवअण्णांनी कागद वरखाली करून पाहिले.

"तोटीचा विषय आजच्या कामकाजात नाही, सगुणाबाई," ते म्हणाले. "टाकी आधी की वस्ती आधी, हा आजचा विषय आहे. तो संपला की तोटी घेऊ."

तो विषय काही संपला नाही. त्यासाठी तीन बैठका झाल्या आणि त्यात सहा दिवस गेले. सगुणा रोज अंड्यांवर बसून डबक्याकडे बघत राहिली. डबकं वाढत होतं. ती चोचीने खडे आणून मधे बांध घालायची. सकाळी घातलेला बांध दुपारी भिजून जायचा.

शेवटी खवलेसाहेबांनाच तोडगा सुचला. ते म्हणाले की भांडण टाकीचं नाही, अंतराचं आहे. टाकी आणि सर्वांत जवळचं बीळ यांच्यात एक दिवसाची वाट आहे असं पुन्हा एकदा सिद्ध झालं, तर थोरल्या महाराजांचा नियम पाळला गेला. मग कुणालाच हलायचं कारण नाही.

सगळ्यांना हे फार पटलं. फक्त एक अडचण होती. सर्वांत जवळचं बीळ धोंडूचं, कुंपणापासून वीस उड्यांवर. अण्णांनी खाजगीत एकदा चालून पाहिलं, तर अर्ध्या तासाच्या आत पोचले. अण्णा खिन्न झाले. आपण इतके वेगवान आहोत हे त्यांना या वयात कळत होतं.

"माझ्यापेक्षा अनुभवी कुणीतरी बघा," ते म्हणाले.

मग गोगलगाईला बोलावलं.

मोजणीचा दिवस सणासारखा साजरा करायचं ठरलं. बिळाबिळांवर तोरणं लागली. बालवाडीला सुट्टी दिली आणि पिल्लांना रांगेने कुंपणाशी आणून बसवलं, कारण असा दिवस पुन्हा बघायला मिळणार नव्हता. सूर्य उगवताच महाराजांनी पंजा वर केला आणि गोगलगाय कुंपणापासून निघाली.

त्याच वेळी कुंपणाच्या आत सगुणाचं पहिलं पिल्लू बाहेर आलं. टिटवीची पिल्लं हुशार असतात. अंग वाळलं की लगेच चालायला लागतात. पिल्लू दोन पावलं चाललं, डबक्यापाशी गेलं, शिंकलं आणि परत आईच्या पोटाखाली शिरलं.

इकडे गोगलगाईने घोटाळा केला. एवढी माणसं, म्हणजे एवढे प्राणी आपल्याकडे बघताहेत म्हणून ती हुरूपाने चालू लागली. सकाळची उन्हं तापायच्या आत ती अर्ध्यावर आली. समितीचे चेहरे उतरले. अण्णा तिच्याजवळ जाऊन म्हणाले की ताई, तब्येत सांभाळा. तिला काही कळलं नाही. ती आणखी जोरात निघाली.

शेवटी धोंडूने धावत जाऊन काकडीची कोवळी पानं आणली आणि तिच्या वाटेवर अंथरली. मग ती थांबली. पानं खाल्ली. पानं संपली की धोंडू आणखी आणायचा. दुपारपर्यंत ती एका पानावरून दुसऱ्या पानावर गेली आणि दुपारनंतर शंखात शिरून झोपली. समितीने सुटकेचा निःश्वास टाकला. कुणी तिला उठवू नये म्हणून खवलेसाहेब स्वतः पहाऱ्याला उभे राहिले.

दुपारी सगुणाचं दुसरं पिल्लू बाहेर आलं, उन्हं कलल्यावर तिसरं. चौथ्या अंड्याला बारीक तडा गेला होता. सगुणाने कान लावला. आतून टकटक ऐकू येत होती. अजून थोडा वेळ लागणार होता. तिला त्या दिवशी जगात फक्त तेवढाच थोडा वेळ हवा होता.

सूर्य टेकाडाआड जाता जाता गोगलगाईने धोंडूच्या उंबऱ्याला शिंगं लावली. ढोल वाजले. अण्णांनी जाहीर केलं की टाकी आणि वस्ती यांच्यात एक दिवसाची पूर्ण वाट आहे, आणि ती सर्वांच्या डोळ्यांदेखत मोजलेली आहे. धोंडूच्या बायकोने गोगलगाईला ओवाळलं. पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस आपण उगीच घाबरत होतो, असं ते एकमेकांना सांगू लागले.

नियम कुणी मोडला नाही, मुलांनो. हे दुसऱ्यांदा.

आता शेवटचा कार्यक्रम राहिला होता. खवलेसाहेबांनी कबूल केलेला फलक तयार झाला होता आणि तो महाराजांच्या हस्ते लावायचा होता. फलक तोटीच्या बरोबर वर, डबक्याच्या कडेला उभा केला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: इथे ठिणगी पाडू नये.

महाराज वाचायला पुढे झाले. पण दिवस मावळला होता आणि महाराजांची नजर आता पहिल्यासारखी राहिली नव्हती. त्यांना अक्षरं लागेनात. सगळे गोंधळले. मग खवलेसाहेबांनी तत्परतेने एक कंदील मागवला, पेटवला आणि फलकाच्या वरच्या खिळ्याला टांगला.

अक्षरं लख्ख दिसू लागली. टाळ्या पडल्या.

सगुणाने वर पाहिलं. कंदील वाऱ्याने हलत होता. खिळा घाईत ठोकलेला होता आणि प्रत्येक हेलकाव्याला थोडा थोडा वाकत होता. खाली डबकं होतं. तिच्या पोटाखाली तीन पिल्लं होती आणि एक अंडं होतं. कुंपणाबाहेर बालवाडीची रांग होती, ससे होते, घोरपडीचं सगळं घर होतं, अण्णा होते, काकडीची पानं खाऊन सुस्तावलेली गोगलगाय होती.

ती आधी हळूच बोलली. तिला तशीच सवय लावली होती.

"भिवाजी," ती शेजारी उभ्या गव्याला म्हणाली, "तेवढा कंदील काढा."

"महाराजांचं भाषण होऊ दे, बाई," भिवाजी म्हणाला. "मधेच बरं दिसत नाही."

महाराजांनी खाकरून भाषणाला सुरुवात केली. थोरल्या महाराजांपासून सुरुवात केली, म्हणजे ते बराच वेळ चालणार होतं. खिळा आणखी वाकला.

सगुणाने अंड्याला एकदा चोच लावली. आतून टकटक चालूच होती. मग तिने पिल्लांना पंखाने ढकललं, टेकाडाच्या दिशेला लावलं, अंड्यावरून उठली, टाकीच्या वर उडाली आणि गळा फोडून ओरडली. टिटीव-टिव, टिटीव-टिव. इतके दिवस हळू बोलून साठलेलं सगळं तिने एकदम ओरडून टाकलं.

महाराजांचं भाषण थांबलं. सगळ्यांची तोंडं कडू झाली. इतका शुभ प्रसंग, आणि ही बया. पण रीत म्हणजे रीत. त्या जंगलात टाकी कधी हलली नसती, पण रीत मोडायची कुणाची छाती नव्हती. महाराज कपाळाला आठ्या घालून ओढ्याकडे निघाले. मागोमाग भिवाजी, खवलेसाहेब, काळविटं, घोरपडी. बालवाडीची रांग निघाली. कासवअण्णांच्या पाठीवर गोगलगाईला बसवलं आणि अण्णांना भिवाजीने शिंगांवर उचलून घेतलं, नाहीतर ते दोघं दुसऱ्या दिवशी पोचले असते. सगळे वाटभर सगुणाला नावं ठेवत होते.

पाणी थंड होतं. पहिली बुडी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या बुडीतून डोकं वर काढलं, तर टेकाडापलीकडे आभाळ लाल झालेलं दिसलं. मग आवाज आला. तो आवाज मी काढून दाखवणार नाही. लहान मुलं आहेत इथे.

कुणाला खरचटलंही नाही. बिळं गेली, बालवाडी गेली, टपरी गेली, तोरणं गेली. जीव सगळे वाचले, कारण सगळे जीव टेकाडापलीकडे ओढ्यात गळ्यापर्यंत बुडालेले होते. सगुणाची तीन पिल्लं काठावरच्या गवतात थरथरत उभी होती. सगुणा त्यांच्या भोवती फिरत होती आणि पुन्हा पुन्हा मोजत होती. तीन. पुन्हा मोजलं, तरी तीनच.

मला इथे नेहमी थोडं थांबावं लागतं. मी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे, पण ते चौथं अंडं माझ्या मनातून जात नाही. तुमच्या मनातून जाईल, काळजी करू नका. जंगलातल्यांच्या तर आठवड्यातच गेलं.

आठवड्याने चौकशी बसली. अध्यक्ष अर्थात कासवअण्णा. त्यांनी एक एक गोष्ट नीट तपासली. टाकी योग्य अंतरावर होती का? होती, त्याच दिवशी मोजली होती. फलक लावला होता का? लावला होता, आणि तो स्वच्छ वाचता येत होता. सुरक्षा अधिकारी हजर होते का? हजर होते. भिवाजीने पाझराबद्दल सांगितलं, पण पाझर कळवायचा नसतो हेही त्याने सांगितलं. म्हणजे सगळं जिथल्या तिथे होतं. नियम कुणी मोडला नव्हता. हे तिसऱ्यांदा.

मग टाकी उडाली कशाने?

"क्रम बघा," अण्णा सावकाश म्हणाले. "सकाळपासून टाकी ठीक होती. आधी टिटवी ओरडली. त्यानंतर टाकी उडाली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकं सरळ होतं, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

धोंडू ससा मागे उभा होता. तो कान खाजवत राहिला. मग त्याने धीर केला.

"अण्णा, मी काय म्हणतो," तो म्हणाला, "ती ओरडली नसती तर आपण सगळे तिथेच बसलो होतो की. माझी पिल्लं पहिल्या रांगेत होती."

अण्णांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं.

"तो विषय आजच्या कामकाजात नाही, धोंडू."

धोंडू खाली बसला. त्याला नव्या टपरीसाठी अर्ज करायचा होता.

निकाल असा लागला. टाकी त्याच जागी पुन्हा बांधावी, आणि आधीपेक्षा मोठी बांधावी, कारण त्या जागेचं अंतर मोजून सिद्ध झालेलं आहे आणि तसं दुसऱ्या कुठल्याच जागेचं नाही. फलकही पुन्हा लावावा. आणि टिटवीचा आवाज वस्तीला धोक्याचा आहे, सबब तिने इथून पुढे वस्तीपासून एक दिवसाच्या वाटेवर राहावं.

एक दिवसाची वाट म्हटल्यावर ती मोजणं आलं. गोगलगाय तयार होती, पण समितीने या वेळी सांबराला बोलावलं. त्याचा पाय आता चांगला बरा झाला होता. त्याला सांगितलं, चालू नकोस, पळ. सांबर सूर्य उगवताना निघालं आणि मावळेपर्यंत पळत राहिलं. नदी ओलांडली, दोन डोंगर ओलांडले. जिथे थांबलं तिथे खूण केली.

सगुणा निघाली. तिला एकटीला उडत जायला फार वेळ लागला नसता. पण पिल्लांना पंख फुटले नव्हते. तीन पिल्लं पायी चालली आणि ती त्यांच्याबरोबर पायी चालली. त्या एक दिवसाच्या वाटेला त्यांना नऊ दिवस लागले.

धोंडू पहिल्या वळणापर्यंत त्यांना पोचवायला गेला होता, असं म्हणतात. त्याने पिल्लांना काकडीची पानं दिली. पिल्लांनी ती खाल्ली नाहीत, टिटवीची पिल्लं किडे खातात. पण त्याने दिली, हे मी त्याच्या बाजूने सांगून ठेवतो.

जंगलात आता सगळं पूर्वीसारखं आहे. टाकी उभी आहे. धोंडूचं बीळ पंधरा उड्यांवर आलं आहे, बालवाडी त्याच्या शेजारी आहे, आणि पिल्लांचे कान गोळा होताना थोडे कमी बाहेर राहतात. शुभकार्यं निर्विघ्न पार पडतात. कुणाला थंड पाण्यात बुड्या माराव्या लागत नाहीत. ओरडणारं कुणी नाही, त्यामुळे इतकी शांतता असते की बालवाडीतलं गाणं थांबलं, की नव्या तोटीतून पडणाऱ्या थेंबाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

तात्पर्य : मुलांनो, धोक्यापासून सुरक्षित अंतर ठेवायलाच हवं. म्हणून जो धोका दाखवतो त्याला आधी वस्तीपासून लांब पाठवावं. आणि अंतर मोजायचं असेल तेव्हा टाकीसाठी गोगलगाय नेमावी, टिटवीसाठी सांबर.